फवारणीची वही आणि अभ्यागतांची वही

संशोधन संस्थेत येणाऱ्या बाहेरच्या माणसांच्या सुरक्षेचा विषय निघाला की अणुभट्टी, रसायनांची प्रयोगशाळा किंवा प्रक्षेपणतळ आठवतो. आदिलाबाद जिल्ह्यात मात्र हा प्रश्न कापसाच्या शेतात उभा आहे. प्राध्यापक जयशंकर तेलंगणा कृषी विद्यापीठाचे आदिलाबाद येथील कृषी संशोधन केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र यांच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे प्रयोगांसाठी राखलेल्या शेतीवर, शेतकऱ्यांनी यावे, वाण पाहावेत आणि शंका विचाराव्यात हेच या संस्थांच्या स्थापनेचे प्रयोजन आहे, त्यामुळे फाटक बंद ठेवून येथे सुरक्षा साधता येणार नाही.

प्रक्षेत्र पाहणाऱ्याला ते नेहमीच्या शेतासारखेच दिसते आणि धोक्याचे मूळ तेथेच आहे. शेतकरी स्वतःच्या शेतात काल काय फवारले हे जाणतो, परंतु संशोधन केंद्रात शेजारशेजारच्या तुकड्यांवर निरनिराळी कीटकनाशके निरनिराळ्या मात्रांत आणि निरनिराळ्या दिवशी फवारलेली असू शकतात. कृषी विद्यापीठांकडे परिणामकारकतेच्या चाचणीसाठी येणारी काही द्रव्ये तर बाजारात आलेलीच नसतात. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, पण फवारलेल्या पानावर असा कोणताही त्रिकोण उमटत नाही. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके कातडीतूनही शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंचे संदेश थांबवणाऱ्या विकराला निकामी करतात. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि कोंडणारा श्वास ही त्यांच्या विषबाधेची लक्षणे होत. झाडावरचे बोंड उलटून पाहणारा शेतकरी किंवा शाळेच्या सहलीतील मूल यांच्या हाताला हे विष लागू शकते, हे तेथील शास्त्रज्ञाखेरीज कोणाला ठाऊक नसते, म्हणूनच ते सांगण्याची जबाबदारी निःसंशय शास्त्रज्ञाची आहे.

पैनगंगेच्या पलीकडील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले व शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या हंगामात उंच वाढलेल्या पऱ्हाटीत डोक्याच्या वर फवारा उडत होता आणि हवा दमट होती. तीच माती, तेच पीक आणि तशीच हवा आदिलाबादला आहे, आणि यवतमाळात दगावलेले लोक तर फवारणीचा रोजचा अनुभव असलेले होते. जो केवळ पाहायला आला आहे त्याच्याजवळ ना मुखपट्टी असते ना हातमोजे.

१९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालील १९७१ चे नियम संरक्षक कपडे, प्रथमोपचार आणि उतारा यांची तरतूद करतात, परंतु ती कीटकनाशके हाताळणाऱ्या कामगारासाठी असते. लेबलावर दिलेला प्रतीक्षाकाळ हा शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंतचा, अर्थात खाणाऱ्याच्या रक्षणाचा असतो. पुनर्प्रवेशकाळ, म्हणजे फवारणीनंतर माणसाने त्या शेतात पाऊल टाकण्यापूर्वी जाऊ द्यावयाचा वेळ, ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेतील शेतमजूर संरक्षण नियमांत तो विषाच्या तीव्रतेनुसार साधारणतः १२, २४ किंवा ४८ तासांचा धरला जातो. आपल्या संशोधन केंद्रांनी कायद्याची वाट न पाहता हा काळ स्वतःच पाळायला हवा.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. फवारणीची नोंदवही आणि अभ्यागतांची नोंदवही या दोन वह्या एकाच टेबलावर, एकाच अधिकाऱ्यासमोर असाव्यात, भेटीची तारीख ठरली की अभ्यागतांच्या वाटेवरील तुकड्यांची फवारणी मागेपुढे करावी, आणि ते शक्य नसेल तर भेट नाकारण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला असावा, मग येणारा मंत्री का असेना. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा १७ सप्टेंबरचा मेळावा काय किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवारफेरी काय, कापसावर कीड आणि फवारणी जोरात असते त्याच सुमाराचे हे गर्दीचे प्रसंग आहेत; तेव्हा हा नियम तिकडेही लागू करण्यासारखा आहे. ड्रोनने करायच्या फवारणीच्या प्रात्यक्षिकांत प्रेक्षकांना वाऱ्याच्या दिशेने उभे करू नये, आणि ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टजवळ उपरणे किंवा पदर ओढला जाऊ नये म्हणून दोरी बांधावी, हेही त्याच अधिकाऱ्याने पाहावे.

सूचना कोणत्या भाषेत द्यायच्या हा आदिलाबादपुरता महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण या जिल्ह्यात तेलुगूबरोबर मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी आणि उर्दू बोलली जाते, आणि इंग्रजी फलक लावून जबाबदारी संपली असे मानणे हा हलगर्जीपणाच ठरेल. फाटकावरच, ज्याच्या त्याच्या भाषेत आणि तोंडी, कोणत्या तुकड्यात जायचे नाही हे सांगितले गेले पाहिजे. प्रक्षेत्रावर कोणती कीटकनाशके वापरात आहेत त्यांची यादी आदिलाबादच्या राजीव गांधी वैद्यकीय संस्थेला, म्हणजे रिम्सला, हंगामाच्या आरंभीच द्यावी, जेणेकरून विषबाधेचा रुग्ण आल्यास उतारा कोणता द्यायचा हे शोधण्यात वेळ जाणार नाही. जयशंकर विद्यापीठाने येत्या शेतकरी मेळाव्याची तारीख जाहीर करण्यापूर्वी ही यादी पाठवावी आणि दोन्ही वह्या सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे नावही त्याच वेळी जाहीर करावे.