सोनोग्राफी बाळाला तोलत नाही

संपादक महोदय,

‘सोनोग्राफीत बाळाचे वजन नेमके कळते, मग मोठ्या बाळासाठी कळांची वाट कशाला पाहायची?’ हा गेल्या अंकातील लेखाचा सूर गरोदर बायकांना विनाकारण घाबरवणारा आहे.

यंत्र बाळाला तोलत नाही. डोक्याची रुंदी, डोक्याचा व पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून ते आकडे सूत्रात घालते. बहुतेक ठिकाणी हे सूत्र अमेरिकेतील हॅडलॉक यांचे, १९८५ सालचे. त्यात १० ते १५ टक्के चूक संभवते. म्हणजे रिपोर्टवर ३००० ग्रॅम छापले असेल, तर हाती येणारे बाळ २६०० ग्रॅमचे असू शकते, ३४०० चेही. रिपोर्टवर शेवटच्या ग्रॅमपर्यंत आकडा छापला म्हणून तो अचूक ठरत नाही.

लेखात साडेतीन किलोलाच ‘मोठे बाळ’ म्हटले आहे. वैद्यकात ही रेषा साधारण ४ किलोला ओढतात. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना तर आईला मधुमेह नसल्यास अंदाज ५ किलोच्या घरात गेल्यावरच केवळ वजनासाठी सिझेरियनचा विचार करायला सांगते. मधुमेह असल्यास साडेचार. मधुमेही आईची काळजी रास्त, एवढेच मान्य.

आपल्याकडे खरी चिंता अडीच किलोखालच्या बाळांची आहे. तिथे एका आकड्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने झालेली वाढ पाहावी लागते. लेखात त्यावर एक ओळही नाही. पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा