सोबत्याची जागा

आमच्या नेरूळच्या घरीं गेल्या महिन्यांत एक वाद चांगलाच रंगला. माझ्या पुतण्यानें जुन्या स्कूटरला साइडकार जोडून घेतली व तिची रीतसर नोंदणीहि करून आणली. आमच्या मातोश्रींना आतां फार चालवत नाहीं. त्यांना साइडकारमध्यें बसवून सारसोळ्याच्या जेट्टीवर खाडी दाखवावयास न्यावें, हा त्याचा मनोदय. थोरल्या वहिनींनीं मात्र साफ नकार दिला. जेट्टीस जावयाचें म्हणजे पाम बीच मार्ग ओलांडणें आलें, आणि तेथील भरधांव गाड्यांच्या अपघातांच्या वार्ता त्यांनीं वर्तमानपत्रांत वाचलेल्या! अखेर मातोश्रींच्या आधीं परीक्षेसाठीं मीं बसावें, असा तोडगा निघाला.

पहाटे निघालों. पहिल्याच डाव्या वळणावर माझ्या बाजूचें चाक चार बोटें वर उचललें, आणि माझी पांचांवर धारण बसली! गाडी थांबवून पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही भिऊन माझ्याकडे झुकलांत, म्हणून चाक उचललें. तुम्हीं बाहेर झुकावयाचें होतें.”

त्याचें म्हणणें खरें होतें. दुचाकी वळतांना कलते. साइडकार जोडलेली गाडी कलत नाहीं, तिला हँडलाच्या जोरानेंच वळवावें लागतें. आपल्याकडे साइडकार डाव्या अंगाला असते. म्हणून वेग वाढवितांच गाडी डावीकडे ओढ घेते व वेग आवरतांच उजवीकडे. डाव्या वळणावर सारा भार उजवीकडे लोटला जाऊन साइडकारचें चाक उचलूं पाहतें. तेव्हां सोबत्यानें डावीकडे झुकून तें दाबून धरावयाचें. उजव्या वळणावर शर्यतींतला सोबती चालकाच्या मागें सरकून मागच्या चाकावर वजन टाकतो. सोबती म्हणजे नुसतें ओझें नव्हे, हें मला त्या चार बोटांनीं शिकविलें.

इंग्लंड व आयर्लंड यांमधील आइल ऑफ मॅन बेटावर ही विद्या पराकोटीस पोंचली आहे. तेथें साइडकारची पहिली शर्यत १९२३ सालीं झाली व ती फ्रेडी डिक्सननें जिंकली. त्याची साइडकार वळणावर कलवितां येत असे, आणि ती कलविण्याची तरफ सोबत्याच्या, वॉल्टर डेनीच्या, हातीं होती. १९४९ सालीं जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. पहिला विजेता एरिक ऑलिव्हर याचा सोबती डेनिस जेंकिन्सन हा पुढें नामांकित पत्रकार झाला. याच जेंकिन्सननें १९५५ सालीं इटलींतील मोटारशर्यतींत स्टर्लिंग मॉसच्या शेजारीं बसून, कागदाच्या गुंडाळींतील टिपणें पाहून, पुढचें प्रत्येक वळण हातानें खुणाविलें, आणि मॉस जिंकला. २०२३ सालीं बेन व टॉम बर्चल या सख्ख्या भावांनीं आइल ऑफ मॅनचा सुमारें साठ किलोमीटरांचा डोंगरी फेरा ताशीं १२० मैलांहून, म्हणजे सुमारें १९३ किलोमीटरांहून, अधिक सरासरी वेगानें पुरा केला. साइडकारनें तेथें हा टप्पा तोंवर कधींच ओलांडला नव्हता. बेन हँडलावर, तर टॉम वळणावळणाला जमिनीलगत अंग झोंकून देणारा!

परंतु शर्यतीच्या वेळीं तो रस्ता इतर रहदारीस बंद असतो. आपला रस्ता दूधवाल्याचा, शाळेच्या मुलांचा व कोळणींच्या पाट्यांचाहि आहे. वहिनींची भीति त्यामुळें अनाठायीं नव्हती. गाडी ताशीं तीस किलोमीटरांपुढें न्यावयाची नाहीं, असें पुतण्याकडून त्यांनीं कबूल करवून घेतलें.

पुढच्या रविवारीं मातोश्री निघाल्या. मला वाटलें, त्या देवाचें नांव घेऊन डोळे मिटून बसतील. त्यांनीं पदर खोंचला, साइडकारचा काठ धरला व नातवाला विचारलें, “वळण आलें कीं मीं कोणत्या अंगाला झुकायचें, तें आधीं सांग.”

अलीकडे घरांत त्यांना कोणी काम सांगत नसे. त्या दिवशीं जेट्टीवरून परततांना त्यांच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसलें, तें केवळ खाडी पाहिल्याचें नव्हतें.