पलंग त्यांचा, तारीख आमची

दोस्तांनो, दिल्लीला गेलात तर तीनमूर्ती भवन बघाच. 1930 साली गोऱ्या सरसेनापतीसाठी बांधलेला वाडा. 1948 ते 1964 नेहरू तिथं राहिले. ते गेले त्याच साली म्युझियम झालं. झोपायची खोली, अभ्यासिका, पुस्तकं, सगळं जपलंय. गोदीत पोती उचलणारा मी, त्या पलंगासमोर बराच वेळ उभा होतो.

मग गेलो 26, अलीपूर रोडला. 1951 साली हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी मंत्रिपद लाथाडलं, सरकारी बंगला सोडला नि इथं भाड्याच्या घरात आले. 6 डिसेंबर 1956 ला श्वास थांबला तो इथंच. ते घर? विकलं गेलं, पाडलं गेलं. 13 एप्रिल 2018 ला त्या जागी घटनेच्या पुस्तकाच्या आकाराची झकपक इमारत उघडली. बाबा ज्या भिंतीला टेकून बसत ती भिंत काय कॉंक्रीटच्या पुस्तकात सापडणारय?

शहाणे म्हणतील, ते सरकारी निवासस्थान नव्हतं. का नव्हतं? राजीनामा फेकला म्हणून! मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आणणारा 1946 चा कायदा ज्यानं रेटला, त्याचं घर बाजारात. वर मानभावीपणा बघा. तीनमूर्तीच्या आवारात पंतप्रधान संग्रहालय उघडलं 14 एप्रिल 2022 ला, आमच्या भीमजयंतीला!

अलीपूर रोडला जाल तेव्हा पुतळ्याला हार घाला. पण तिथल्या साहेबाला मोठ्यानं विचारा, मूळ घरावर पहार पडली तेव्हा दिल्लीचं सरकार कुठं होतं?