आखूड धावपट्टीचे अर्थशास्त्र

विमानाच्या खर्चाचा विचार करताना आपण इंजिन, इंधन आणि वैमानिक यांचा हिशेब मांडतो. ज्या जमिनीवरून ते उडते तिचा हिशेब बहुधा राहून जातो. अहिल्यानगर जिल्ह्यात काकडी येथे 2017 साली सुरू झालेल्या शिर्डी विमानतळाची धावपट्टी अडीच किलोमीटर लांबीची आहे. मोठ्या प्रवासी विमानांसाठी ती आवश्यकच होय. परंतु क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अशा धावपट्ट्या तालुक्यातालुक्यांत बांधणे कोणत्याही शासनास परवडणारे नाही.

याला एक छोटे उत्तर विमानविद्येने दिले आहे. क्रिस हाइन्ट्झ यांनी 1980 च्या दशकात आखलेले 'झेनिथ सीएच 701' हे दोन आसनी विमान शंभर मीटरांच्या आत जमीन सोडते. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला एक अरुंद पट्टी कायमची बसविलेली असते. मधल्या फटीतून येणारा वारा पंखाला धरून राहतो, म्हणून ताशी सुमारे पन्नास किलोमीटरांच्या वेगातही विमान तोलले जाते. ते सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळते. जुळणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी मंडळींनी स्वतः केले, तर अमेरिकेत तपासणीनंतर अशा विमानाला उड्डाणाची परवानगी मिळते. भाड्याने प्रवासी नेण्यास मात्र मनाई असते.

आपल्याकडील जवळचे उदाहरण मुंबईचे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर स्वतःच्या आराखड्याचे सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांसमोर आले. सरकारी नोंदणी नोव्हेंबर 2017 मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये मिळाली. तीन वर्षांहून अधिक काळ अडकून पडलेले भांडवल आणि कौशल्य हीदेखील देशाची हानीच होय.

सुरक्षिततेत सवलत द्यावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट, पंख बंद झाल्यावर आतला रिव्हेट दिसत नाही. म्हणून तपासनीस शेवटी येण्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर आला पाहिजे. अशा व्यवस्थेने अपघात टळतील आणि विलंबही.

हा प्रयोग नगरमध्ये करण्यास आधार आहे. 'निशांत' या मानवरहित विमानासाठी बनविलेल्या, 2009 साली उडालेल्या 55 अश्वशक्तीच्या देशी वँकेल इंजिनाच्या विकासात येथील लष्करी वाहन संशोधन संस्थेचा वाटा होता. जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. यांपैकी एखाद्या संस्थेने एक संच घ्यावा, महासंचालनालयाने टप्प्याटप्प्याने तपासणीस अधिकारी पाठवावा. त्यातून वाहतुकीचा प्रश्न सुटणार नाही, हे उघड आहे. परंतु पत्रा कापण्यापासून भाराचे गणित मांडण्यापर्यंत सारे स्वतःच्या हातांनी केलेली पंचवीस मुले तरी तयार होतील.

शेतकऱ्यांना कारखाना चालविता येईल काय, अशी शंका प्रवरानगरच्या वेळीही घेतली गेली होती. तेथे विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द होती, धनंजयराव गाडगीळांचे अर्थशास्त्र होते आणि सरकारचे भागभांडवलही होते. आज भांडवल थोडेच लागेल. अधिक लागेल ती वेळेवर येणारी तपासणी.