थोड्या वजनांवरून मोठा निर्णय

अमुक द्रवखत दिलें आणि कांदा वाढला, असें सांगणारे लोक आमच्या पिंपळगाव बसवंतास दर हंगामांत येतात. चार शेतांतील वजनें ते दाखवितात आणि आमचे बागाईतदार बंधु त्यांवर विश्वासून पैसे मोजतात. या चार वजनांस कितपत मान द्यावा, याचा विचार सभासदांनीं करावा, असें आम्हांस वाटतें.

महसुली कारकुनींत आणेवारीचे कागद पुष्कळ वर्षें आमच्या हातून गेले. बांधावरून केलेला अंदाज आणि चिठ्ठीनें निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष पीक कापून केलेलें वजन, यांत किती तफावत पडते हें आम्हीं पाहिलें आहे. या पीककापणीस शास्त्राचा पाया देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रगण्य होते.

परंतु वजनें थोडींच असतील तर काय करावें? डब्लिन येथील गिनेस मद्यालयांत नोकरीस असलेल्या विल्यम गॉसेट यांस हीच अडचण होती. त्यांनीं १९०८ सालीं ‘स्टुडंट’ या टोपणनांवानें तिची रीति प्रसिद्ध केली. आज ती आकडेमोड हातांत मावणारें आलेखी गणकयंत्र क्षणांत करतें.

समजा, सहा शेतांत शेजारी-शेजारी दोन-दोन सारखे वाफे घेतले. खत कोणत्या वाफ्यास द्यावें, हें नाणें उडवून ठरविलें. खताच्या वाफ्यांतील कांदा दुसऱ्यापेक्षां अनुक्रमें १२, उणे ३, ९, १४, उणे २ व ६ किलो अधिक भरला. सरासरी वाढ ६ किलोंची झाली. हे फरक यंत्राच्या यादींत भरून ‘टी-टेस्ट’ निवडावी, गृहीत सरासरी शून्य लिहावी, आणि फरक दोहों बाजूंनीं तपासण्यास सांगावें. टी २.०६ व पी ०.०९४ असें उत्तर येतें. याचा अर्थ, खताचा कांहींच गुण नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानें शंभरांत सुमारें नऊ वेळां दिसला असता. रूढ मर्यादा पांचांची आहे. मोठ्या नमुन्याची १.९६ ही कसोटी लावणारा ‘सिद्ध झालें’ म्हणेल. सहाच फरकांस मात्र २.५७ लागतात.

यावरून खत वाईट ठरत नाहीं. पुरावा अपुरा आहे, एवढेंच ठरतें. उपाय एकच: वाफे वाढवावे. आणि वाढ सिद्ध झाली तरी तिची बाजारांतील किंमत खताच्या खर्चाहून अधिक आहे कीं नाहीं, हें यंत्र सांगणार नाहीं. तो हिशेब ज्याचा त्यानें मांडावा.

आमची सूचना अशी कीं, कोणत्याही मालाची शिफारस करण्यापूर्वीं संस्थेनें दहा-बारा सभासदांच्या शेतांत असे जोडवाफे घ्यावे, मर्यादा आधींच ठरवावी, आणि उणे पडलेलीं वजनेंही न झांकतां या मासिकांत छापावीं. गणकयंत्र एक असलें तरी सर्वांस पुरेल. प्रामाणिक वजनें मात्र प्रत्येकानें स्वतः आणलीं पाहिजेत.