आईवडिलांसोबत एकच नदी

निवृत्त आईवडिलांना घेऊन हिमाचलला निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. शिमला, कुफरी, मनाली, अटल बोगदा आणि परतीचा प्रवास. वडील गाडीत पेंगतात, लेक पुढच्या हॉटेलला फोन लावते, आणि निवांत बोलायचं राहूनच जातं. यातली दोन ठिकाणं गाळावीत आणि ते दिवस कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर, स्थानिक वाटाड्यासोबत फ्लाय फिशिंगला द्यावेत.

तीर्थन ज्या डोंगरांतून उतरते, तिथल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. पुढे लारजीजवळ ती बियासला मिळते. तिच्या गार, खळाळत्या पाण्यात ब्राउन ट्राउट राहतो. हा मासा मूळचा युरोपातला, ब्रिटिशांच्या काळात हिमालयातल्या नद्यांत सोडलेला.

फ्लाय फिशिंगमध्ये त्याला भुलवायला गांडूळ लागत नाही. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून नकली किडा बांधलेला असतो. त्याला वजन असं नसतंच, त्यामुळे फेकायची ती जाड दोरी. किडा तिच्यामागून जातो. दांडी मागे नेल्यावर दोरी पाठीशी पुरती उलगडेपर्यंत थांबायचं, मगच पुढे झटका द्यायचा. घाई केली की गुंता! इथे दंडातल्या ताकदीपेक्षा ताल मोठा. याची साक्ष अमेरिकेतल्या जोन वुल्फ देतात. त्यांच्या वडिलांचं शिकार-मासेमारीच्या साहित्याचं दुकान होतं. लहानपणी वडिलांची दांडी हाती घेतलेल्या या बाईंनी १९५१ मध्ये लांब फेकीच्या स्पर्धेत सगळ्या पुरुष स्पर्धकांना हरवलं.

सत्तरीतल्या वडिलांना आणि पस्तिशीतल्या लेकीला एकाच रांगेत बसवणारी अशी कामं थोडी. एरवी घरात एक शिकवतो आणि दुसरा ऐकून घेतो. पूर्वी वडील गणित शिकवायचे, आता लेक मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवते, आणि दोन्ही वेळा आवाज चढतो. नदीवर दोघंही नवशिके, शिकवणारा तिसराच. म्हणून वाटाड्याचे पैसे वाचवू नयेत. शेवाळलेल्या दगडांवर म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपेल अशी जागा त्यालाच ठाऊक असते. पाणी गढुळलं, चढू लागलं तर काठावर कधी यायचं, हेही तोच सांगतो.

गळ लागल्यावर माशाला इजा होते, हा आक्षेप खरा आहे. पकडून सोडल्यानं ती पुसली जात नाही, कमी मात्र करता येते. गळाचा उलटा काटा दाबून टाकावा, मासा ओल्या हातानं आणि शक्यतो पाण्यातच धरावा, लगेच सोडावा. ज्यांच्या मनाला हेही पटत नाही, त्यांनी वाटाड्यासोबत नदीकाठानं नुसतं फिरावं. वाटाड्याची कमाई नदी जिवंत राहण्यावर अवलंबून असते. ती कमाई वाढणं नदीच्याही हिताचं आहे.

सहल कंपन्यांनी मत्स्य विभागाचा परवाना आणि वाटाड्याचं मानधन आपल्या दरपत्रकातच धरावं. दिवाळीच्या सुटीत बेत आखणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या विणीसाठी मासेमारी बंद असते. मार्च-एप्रिल किंवा पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस बरे.