आधी गव्हाण पाहा, मग सुई टोचा



गोंदियाची गाय धानाच्या तणसावर जगते, कापूस-ज्वारीच्या मुलखातली कडब्यावर. चारा वेगळा, दुखणे एकच. व्यालेली गाय महिनोन्‌महिने माजावर येत नाही. मग कोणी तरी सांगतो, 'हार्मोनचे इंजेक्शन मारा.'

हे औषध थोतांड नाही. १९९५ साली अमेरिकेत पुढे आलेली पद्धत आज अनेक देशांत चालते. पहिले इंजेक्शन, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पहिलेच औषध आणि १६ ते २४ तासांत कृत्रिम रेतन. माज ओळखत बसायला नको.

पण प्रोस्टाग्लँडिन काम करते ते बीजांडकोशावरचा पीतपिंड विरघळवून. पीतपिंडच नसेल तर पैसे पाण्यात. गाय गाभण असेल तर गाभ पडू शकतो. म्हणून हात घालून तपासल्याशिवाय सुई टोचू देऊ नका. घरातल्या गरोदर बाईने तर या औषधाला हातही लावू नये. ते कातडीतून अंगात भिनते.

आता मुळाकडे या. तणसात काय, कडब्यात काय, प्रथिने आणि स्फुरद कमीच. हाडे वर आलेल्या गाईचा बीजांडकोश झोपी जातो. उपाशी बैलाला कितीही चाबूक मारा, वखर ओढला जात नाही. दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण, थोडी ढेप, मूठभर हिरवे मिळाले तर पुष्कळ गाई सुईवाचून माजावर येतात. पण आपण कापूस सरकीसकट विकतो आणि त्याच सरकीची ढेप वाढीव भावाने विकत आणतो. दुधाच्या भावात ती बसत नाही, म्हणून गाय उपाशी. हे अज्ञान नव्हे, हिशेब आहे.

एक माज हुकला की २१ दिवसांची वैरण फुकट. गाय भाकड ठरली तर? गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ साली बैलांनाही झाली. पुण्य सरकारच्या खाती, वैरण शेतकऱ्याच्या खाती.

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०२४ साली १९ जिल्ह्यांसाठी मंजूर झाला. त्यात गोंदियाही आहे. जिल्हा बैठकीत एकच मागणी लावून धरा. किती सुया टोचल्या ते सांगू नका, किती गाई गाभण राहिल्या ते सांगा. आणि दुधाला असा भाव द्या, की गव्हाणीत ढेप पडेल.